पेटी कुरकुरतेय? हार्मोनिअमच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भजनी मंडळं, क्लासला जाणारी मुलं, साथीला बसणारे आणि माळ्यावरची आजोबांची पेटी नुकतीच खाली उतरवलेले लोक, या सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं हाताने भाता मारायच्या नेहमीच्या पेटीला धरून आहेत. पायपेटीचा प्रश्न शेवटाकडे वेगळा घेतला आहे. एक आग्रह मात्र आधीच सांगतो. सूर बिघडला की लोक पहिला हात रीडला, म्हणजे चौकटीत बसवलेल्या सूर देणाऱ्या पितळी जिभेला, घालतात, आणि बिघाड बहुतेक वेळा हवेत नाहीतर लाकडात असतो. रीडची पाळी सगळ्यात शेवटी. तिच्यावरून खरवडलेलं पितळ परत बसवता येत नाही.

१. पेटीच्या आत नेमकं काय काय असतं?

हवेचा रस्ता लक्षात ठेवला की पुढची सगळी उत्तरं सोपी जातात. मागचा भाता तुम्ही हाताने मारता. ती हवा कातड्याच्या एका झडपेतून पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या भात्यात जाते. या आतल्या भात्यावर स्प्रिंगांचा दाब असतो, म्हणून तुमचा हात क्षणभर थांबला तरी सूर थांबत नाही. तिथून हवा स्टॉपर (पुढच्या ओढायच्या खुंट्या) उघडले असतील त्या कप्प्यांत शिरते. कप्प्याच्या छताला रीडबोर्ड, त्याच्या खालच्या अंगाला रीडच्या रांगा, आणि वरच्या अंगाला प्रत्येक रीडच्या भोकावर कातडं लावलेली एक झडप. पट्टी दाबली की तिची झडप उचलली जाते, हवा रीडमधून वर निसटते आणि रीडची जीभ थरथरते.

रीडच्या किती रांगा आहेत त्यावरून पेटी ‘खर्ज-नर’ की ‘खर्ज-नर-मादी’ ते ठरतं. खर्ज खालच्या सप्तकाचा, नर मधला, मादी वरचा. एक पट्टी दाबल्यावर दोन किंवा तीन रीड एकदम बोलतात, ही गोष्ट बिघाड शोधताना फार उपयोगी पडते.

२. मी स्वतः पेटी उघडली तर चालेल का?

वरचं जाळीचं झाकण उचलून पट्ट्या आणि स्प्रिंगा पाहणं, धूळ झटकणं, एवढं कुणीही करावं. त्याखाली जायचं तर बहुतेक पेट्यांत पट्ट्यांसकट अख्खा साचा बाजूच्या स्क्रूंवर किंवा आकड्यांवर बसवलेला असतो; ते सोडवून तो सरळ वर उचलायचा. तिरका उचलला तर स्टॉपरच्या दांड्या अडकून वाकतात. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि स्क्रू कुठल्या भोकातला कुठे ते कागदावर लिहून ठेवा. जुन्या पेट्यांत दोन शेजारच्या भोकांतले स्क्रूसुद्धा वेगवेगळ्या लांबीचे निघतात.

पट्टी काढायची वेळ आली तर तिच्या पोटावर पेन्सिलने आकडा घाला. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या सारख्या दिसतात, पण प्रत्येक आपापल्या जागी घासून बसलेली असते.

३. एकच सूर अजिबात वाजत नाही. रीड गेली का?

बहुधा नाही. आधी एकेक स्टॉपर उघडून तोच सूर वाजवून पाहा. नर बोलतो आणि खर्ज गप्प आहे, म्हणजे पट्टी आणि झडप ठीक आहेत, खर्जाच्या एका रीडमध्ये काहीतरी अडकलं आहे. दोन्ही गप्प असतील तर झडप उचललीच जात नाही, तेव्हा वरून पट्टीकडे पाहा.

अडकलेल्या वस्तूंची यादी पेटी कुणाची आहे त्यावर ठरते. भजनी मंडळाच्या पेटीत बुक्का, गुलाल आणि अक्षतेचा दाणा; घरच्या पेटीत केस, कापसाचा तंतू, पेन्सिलीची साल. जीभ आणि तिची चौकट यांच्यामध्ये जेमतेम कागदाच्या जाडीची फट असते, त्यात बुक्क्याचा एक कण बसला तरी जीभ हलत नाही. साचा उलटा करून रीड शोधा. नवी कोरी, ताठ पण पातळ अशी कागदाची पट्टी घ्या, जिभेच्या मोकळ्या टोकाकडून तिच्याखाली अलगद सरकवा आणि बाजूला ओढून घ्या. नखाने जीभ किंचित उचलून सोडली की ‘टिंग’ असा बारीक आवाज आला पाहिजे. ‘ठक्’ आला तर कण अजून आत आहे. दाढीचं ब्लेड घालू नका, जिभेच्या कडेला चरा पडतो आणि सूर हलतो. तोंडाने फुंकणंही टाळा. थुंकीच्या ओलाव्याने पितळ हिरवं पडतं.

रीडच्या दोन बाजूंचे स्क्रू ढिले असतील तरी सूर मंदावतो, तेव्हा जाता जाता तेही पाहून घ्या.

४. पट्टी दाबलेली नसतानाही एक सूर सतत ‘सूंऽऽ’ करत राहतो. काय करू?

पहिल्यांदा पुढच्या आधारसुराच्या सगळ्या खुंट्या आत ढकला. बऱ्याच पेट्यांत काही स्टॉपर निव्वळ आधाराचा एक सूर धरून ठेवण्यासाठी असतात, आणि त्यातला एखादा अर्धवट बाहेर राहिला की घरभर शोधाशोध सुरू होते. हा प्रश्न पाठवणाऱ्या बऱ्याच जणांची पेटी इथेच बरी होते.

त्या खुंट्या आत असूनही सूर येत असेल तर तो कुठला ते ओळखा आणि ती पट्टी दोनतीनदा झटक्यात दाबून सोडा. थांबला तर झडपेखाली कचरा होता. थांबून पुन्हा सुरू झाला तर तीन शक्यता उरतात: स्प्रिंग खाचेतून सुटली आहे, पट्टी शेजारणीला किंवा पुढच्या फळीला घासते आहे (प्रश्न ५), नाहीतर झडपेचं कातडं वाळून कडक झालं आहे. पट्टी बोटाने मागच्या अंगाला हलकेच खाली दाबून पाहा. तेवढ्याने सूर बंद झाला तर स्प्रिंग अशक्त आहे. दाबूनही हवा फुसफुसत राहिली तर कातड्याचा दोष. त्यावर खाचा पडलेल्या डोळ्यांना दिसतात, आणि नुसती स्प्रिंग ताणून ते काम भागत नाही, कातडं बदलावं लागतं.

५. पावसाळा आला की पट्ट्या अडकतात. दरवर्षी दुरुस्तीला न्यावी का?

नेऊ नका. मुंबईत, कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. दिवाळीपर्यंत ते आपोआप आखडतं. पावसाळ्यात पट्ट्यांच्या कडा घासून मोकळ्या करून घेतल्या की थंडीत त्याच पट्ट्या दातासारख्या हलतात आणि खडखडतात.

तोवर काय करायचं? पेटी भिंतीला आणि फरशीला न लावता पाटावर ठेवा. झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. कार्यक्रमाआधी पेटी तासभर कोरड्या खोलीत उघडी ठेवली तर बराच फरक पडतो. उन्हात मात्र नको, फळीला तडा जातो. घासणाऱ्या जागी शिसपेन्सिल फिरवा किंवा बोटाच्या टोकावर मावेल एवढी टाल्कम पावडर लावा. खोबरेल, शिवणयंत्राचं तेल, गंजावरचे फवारे यांतलं काहीही पेटीच्या आसपास येऊ देऊ नका. तेल लाकडात मुरतं, लाकूड आणखी फुगतं, आणि कातड्याला लागलं तर झडप कायमची गळायला लागते.

एकच पट्टी बाराही महिने अडकत असेल तर तो ऋतूचा दोष नव्हे. तिची मार्गदर्शक खीळ वाकली आहे किंवा पट्टीच वाकडी झाली आहे. तेवढी एक दुरुस्त करून घ्या.

वारीत पेटी गळ्यात अडकवून चालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे पाणी थेट भात्यात जातं. प्लास्टिकचं आच्छादन घाला, पण मुक्कामावर पोचलात की पहिल्यांदा ते काढा. भिजलेली पेटी प्लास्टिकमध्ये रात्रभर झाकून ठेवली की घड्यांचा गोंद सुटतो.

६. भाता पूर्वीपेक्षा खूप जास्त मारावा लागतो. हवा कुठे गळते ते कसं शोधू?

हे शोधायला हत्यार लागत नाही, क्रम लागतो.

सगळे स्टॉपर बंद करा, भाता पूर्ण भरा आणि हात काढून घ्या. हवा पटकन उतरली तर गळती भात्यांत किंवा त्यांच्या झडपांत आहे. उतरली नाही, तर आता स्टॉपर उघडा, एकही पट्टी दाबू नका. आता उतरली तर गळती वर आहे: पट्ट्यांच्या झडपा, रीडबोर्डची कड, किंवा साचा नीट दाबून बसलेला नाही. साचा काढून परत बसवल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर कारण बहुधा ओळखता येतं. कडेचे स्क्रू सारखे आवळले गेलेले नाहीत.

खालच्या गळतीत एक खूण पाहा. भाता मारून सोडला की तो आपणहून उलटा उघडतो, हाताला मागे ढकलतो? म्हणजे दोन भात्यांमधली कातड्याची झडप नीट मिटत नाही आणि आत गेलेली हवा परत येते आहे. बाहेरून कितीही ठिगळं लावली तरी याला उपयोग नाही, आतली झडप बदलावी लागेल.

तसं नसेल तर उदबत्ती लावा. भाता हळूहळू दाबत कुणाला तरी घड्यांच्या कडेने आणि कोपऱ्यांतून उदबत्ती फिरवायला सांगा, कापडापासून बोटभर लांब धरून. धुराची सरळ रेघ जिथे एकदम वाकडी होते तिथे भोक आहे. बहुतेक वेळा ते घडीच्या कोपऱ्यात सापडतं, कारण तिथे कापड दर दाबाला दोन्हीकडून मुडपतं. ठिगळ पातळ मऊ कातड्याचं किंवा भात्याच्याच कापडाचं, पांढऱ्या गोंदाने, आणि भाता उघडा ठेवून वाळवायचं. झटपट चिकटणारा गोंद वापरला की ती जागा पापडासारखी कडक होते आणि पुढच्या घडीला तिथेच तुटते.

७. भाता मारताना आवाज हेलकावे खातो. सवयीचा दोष की पेटीचा?

कंपाचा स्टॉपर उघडा राहिला आहे का ते आधी पाहा. तो हवेला मुद्दाम हलवतो.

तो बंद असेल तर वाजवणारा बदलून पाहा. दुसऱ्याच्या हातीही प्रत्येक दाबाबरोबर सूर फुगतो आणि थांबताच मरतो, तर आतल्या भात्याची स्प्रिंग सुटली आहे किंवा एकीकडची तुटली आहे. पेटी हलवल्यावर पोटातून ‘खळ्’ असा आवाज आला तर शंकाच नको. ही स्प्रिंग घरी बसवायच्या फंदात पडू नये. ती जोरदार असते आणि निसटली तर भात्याची फळी फोडते.

दुसऱ्याच्या हातून आवाज सरळ आला तर उत्तर तुम्हाला मिळालंच. भाता पूर्ण रिकामा होऊ न देता अर्ध्यावरच पुढचा दाब घ्यायचा.

८. खर्जाचे सूर उशिरा बोलतात. हे नॉर्मल आहे?

थोडंसं, हो. खर्जाची जीभ लांब आणि टोकाला जड असते, तिला हलायला वेळ लागतोच. पण शेजारचा खर्ज पटकन बोलतो आणि हाच मागे राहतो, असं असेल तर जिभेचं टोक चौकटीपासून फार उचललं गेलं आहे. उलटा प्रकारही होतो: टोक फार खाली बसलं असेल तर जोरात भाता मारला की सूर गुदमरून बंद पडतो. दोन्हींवर इलाज एकच, टोक केसभर वरखाली करणं. शेजारच्या चांगल्या रीडशी ताडून पाहत करायचं. आधी कुणाला करताना पाहिलं नसेल तर ते कारागिराच्याच हाती द्या.

९. एक सूर झणझणतो, पत्र्यासारखा वाजतो.

आधी पेटीबाहेर शोधा. झाकणाची कडी, जाळी, वर ठेवलेला चष्मा, हँडल, हे सगळं ठरावीक सुराला थरथरतं. पेटीच्या प्रत्येक सैल भागावर एकेक करून हात ठेवा. झणझण थांबली की सापडलं.

आत असेल तर रीडचे स्क्रू आवळा. तरीही थांबली नाही तर रीड काढून उजेडासमोर धरा. जिभेच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ दिसत नसेल तर जीभ कलून चौकटीला घासते आहे. ती मुळाशी अगदी हलक्या हाताने मध्यावर आणायची असते.

१०. कपलर लावला की पट्ट्या जड होतात, आणि खालच्या सप्तकात तर काही फरकच पडत नाही. बिघाड आहे का?

दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, बिघाड नाही. कपलर म्हणजे एका बोटाने दोन पट्ट्या दाबणं, तेव्हा दोन स्प्रिंगांचा जोर बोटाला लागणारच. बहुतेक पेट्यांत कपलर खालच्या सप्तकातली पट्टी ओढतो. सगळ्यात खालच्या सप्तकाच्या खाली ओढायला काही उरतच नाही, म्हणून तिथे आवाज तेवढाच राहतो.

खरा बिघाड असा दिसतो: कपलर लावल्यावर जोडीचा सूर अर्धवट, दबका येतो, किंवा सप्तक सोडून शेजारचा सूर लागतो. पहिल्यात जोडदांडी झिजली किंवा वाकली आहे आणि दूरची पट्टी पुरती खाली येत नाही. दुसऱ्यात दांडी बाजूला सरकून शेजारच्या पट्टीत अडकली आहे. झाकण काढून, कपलर लावून, पट्टी अगदी सावकाश दाबा. कुठली दांडी तिरकी चालते ते दिसतं.

जड पट्ट्यांना कंटाळून सगळ्या स्प्रिंगा सैल करून घेणारेही भेटतात. थोडं सैल करता येतं, पण स्प्रिंगच झडपेला बंद ठेवते. हलक्या पट्ट्यांच्या हौसेपायी प्रश्न ४ आणि ६ घरात घेऊ नका.

११. कपलर बंद असूनही एक पट्टी दाबली की दोन शेजारचे सूर वाजतात.

दाबताना शेजारची पट्टी डोळ्यांना हललेली दिसली तर घर्षण आहे, प्रश्न ५ पाहा. हलत नसेल आणि तरी दुसरा सूर येत असेल तर मामला गंभीर आहे: रीडबोर्डला दोन भोकांच्या मध्ये बारीक तडा गेला आहे आणि हवा आतून शेजारी जाते. अशा पेटीत तडा भरून घ्यावा लागतो. स्प्रिंगा, कातडं, रीड यांतलं काहीही बदलून हा दोष जात नाही, त्यामुळे कुणी तसं सुचवलं तर आधी तडा दाखवायला सांगा.

१२. स्केल चेंजर सरकवला की काही सूर लागतच नाहीत.

चेंजरमध्ये पट्ट्यांची अख्खी रांग डावी-उजवीकडे सरकते आणि प्रत्येक पट्टी आता वेगळ्या झडपेवर येते. खटक्यात पुरती बसली नाही तर ती दोन झडपांच्या मध्ये लटकते. सरकवताना एकही पट्टी दाबलेली नको, कपलर बंद हवा, आणि शेवटी ‘खट्’ असं हाताला जाणवलं पाहिजे. प्रत्येक स्केलला वेगळेच सूर चुकत असतील तर खटक्याची खाच झिजली आहे. सगळ्या स्केलांना तोच सूर चुकत असेल तर दोष झडपेचा किंवा रीडचा, चेंजरचा नाही.

माझं मत विचाराल तर एकाच गळ्याला साथ करणाऱ्याने चेंजर घेऊ नये. वजन वाढतं, सांधे वाढतात, आणि गळतीला जागा वाढतात. वेगवेगळ्या गायकांबरोबर बसणाऱ्याला मात्र त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

१३. पेटी बेसूर झाली आहे हे कसं ओळखायचं? मोबाइलवरचा ट्यूनर चालेल?

ट्यूनर चालेल, पण एका वेळी एकच रांग उघडून. दोन रांगा एकदम वाजल्या की सुई नाचते. भाता मध्यम आणि एकसारखा मारा, कारण जोर वाढला की रीडचा सूर किंचित उतरतो. प्रत्येक सुराचा आकडा कागदावर लिहा. सगळे सूर सारखेच वरखाली असतील तर पेटी आपापसात सुरात आहे, फक्त तिची उंची वेगळी आहे (प्रश्न १६). एखाददुसराच बाहेर गेला असेल तर तो बेसूर.

कानाने ओळखायचं तर नर आणि खर्ज एकत्र उघडून एक पट्टी धरून ठेवा. सूर सपाट राहिला तर दोन्ही जुळलेले. त्यात ‘वाँव-वाँव’ अशी लाट उठली तर दोघांत अंतर आहे. लाट जितकी जलद तितकं अंतर जास्त. काही पेट्यांत दोन नर मुद्दाम किंचित वेगळे ठेवून लहर आणलेली असते. तो गुण आहे, दोष समजून काढून टाकू नका.

१४. घरच्या घरी रीड खरवडून सूर लावता येतो का?

येतो, आणि म्हणूनच इतक्या पेट्या वाया जातात. नियम सोपा आहे. टोकाकडे खरवडलं की जीभ हलकी होते, सूर चढतो. मुळाकडे खरवडलं की जीभ लवचीक होते, सूर उतरतो. अवघड आहे ते थांबणं. खरवडताना पितळ तापतं आणि तापलेली रीड उतरलेली वाजते. म्हणून हवा तेवढा चढवला असं वाटून आणखी दोन हात मारले जातात, आणि थंड झाल्यावर सूर भलताच चढलेला निघतो. पेटी उघडी असताना आणि बंद केल्यावर सूर किंचित वेगळा येतो तो भाग आणखी निराळा.

करणारच असाल तर आधी रीड मऊ ब्रशने साफ करा. टोकावर साचलेल्या मळानेही सूर उतरतो, आणि निम्म्या वेळी तेवढ्यानेच काम होतं. मग जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी आधाराला सरकवा, एकदोनदा खरवडा, पेटी बंद करा, थांबा, ऐका. पहिला प्रयोग दुकानातून आणलेल्या सुट्या रीडवर करा.

एक अपवाद काळजीपूर्वक वाचा. वर्षानुवर्षं नीट असलेला एकच सूर आठवड्यात अचानक उतरला आणि रीड स्वच्छ आहे, तर हात लावू नका. ती जीभ मुळाशी तडकते आहे. खरवडून सूर वर आणलात तर थोड्याच दिवसांत ती तुटून पडेल (प्रश्न १७).

१५. ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणजे काय? करून घ्यावं का?

नेहमीची पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेली असते. एका भागाला १०० सेंट म्हणतात. त्या हिशेबाने पेटीचा शुद्ध गांधार ‘सा’पासून ४०० सेंटवर येतो, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार साधारण ३८६ वर असतो. १४ सेंटचा हा फरक भूप किंवा यमन लावला की कुणाच्याही कानाला टोचतो. पेटीचा धैवत साधारण १६ सेंट चढा, निषाद १२ सेंट चढा. पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरा, म्हणून तो खपून जातो. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते १९७१ नंतर हळूहळू उघडलं, त्यामागे मींड न येण्याबरोबर ही स्वरांची तक्रारही होतीच.

गांधार ट्यूनिंगमध्ये एक ‘सा’ ठरवून बाकीचे सूर त्याच्याशी शुद्ध लावतात. त्या ‘सा’वर पेटी अप्रतिम बोलते. बाकी सगळ्या ठिकाणी ती बेसूर होते, आणि इथेच लोक फसतात. स्केल चेंजर असला तरी रीड जागच्या हलत नाहीत, फक्त पट्ट्या सरकतात. काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीच्या ‘सा’ला) लावलेली पेटी चेंजरने काळी दोनला नेली की ‘सा’ वेगळ्या रीडवर जातो आणि सगळी शुद्धता मोडते. तेव्हा एकाच ‘सा’वर रियाज करणाऱ्या गायकाने जरूर करून घ्यावं. चार लोकांबरोबर बसणाऱ्याने, किंवा कीबोर्ड-गिटारबरोबर वाजवणाऱ्याने, करू नये. डॉ. विद्याधर ओक यांनी केलेली बावीस श्रुतींची पेटी हा यावरचा वेगळा मार्ग आहे; तिथे सा आणि प सोडून उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन श्रुती मिळतात.

१६. आजोबांची पेटी स्वतःशी सुरात आहे, पण इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी जुळत नाही.

जुन्या पेट्यांच्या रीड बऱ्याचदा फ्रान्स-जर्मनीतून आलेल्या असत, आणि पूर्वी ‘पांढरी सहा’ या पट्टीच्या सुराची उंची सगळीकडे आजच्यासारखी ४४० हर्ट्झ नव्हती. फ्रान्समध्ये १८५९ साली ती ४३५ ठरली होती. ४३५ आणि ४४० मध्ये साधारण २० सेंट पडतात, म्हणजे कानाला सहज कळेल एवढे. पेटी नव्या उंचीला आणायची तर प्रत्येक रीड खरवडावी लागेल. चांगल्या जुन्या पेटीवर हे करायला माझं मन धजत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर बारीक फरकाचं बटण असतं. त्यालाच पेटीपर्यंत खाली आणा.

१७. रीड तुटली. डाग देऊन जोडता येईल?

नाही. डागाचं वजन आणि उष्णता, दोन्हींनी ती रीड कामातून जाते. त्याच सुराची आणि त्याच मापाची रीड घालून घ्या. गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड वाद्यांच्या दुकानांतून मिळतात. तुटलेली फेकू नका, मापासाठी लागते. नवी घातल्यावर शेजारच्या रीडशी तिचा आवाज जुळवावाच लागतो, नुसता सूर बरोबर असून भागत नाही. तुटण्याचं मोठं कारण म्हणजे मंडपात आवाज पोचावा म्हणून भाता धाडधाड मारणं. त्यासाठी मायक्रोफोन आहे.

१८. उंदीर आणि कसर यांचं काय करावं?

उंदराला भात्याचं कापड आणि पट्ट्यांखालचा बनात दोन्ही आवडतात. पेटी पेटाऱ्यात बंद ठेवा आणि पेटाऱ्याची फट बुजवा. डांबरगोळ्या पेटाऱ्यात ठेवा, पेटीच्या पोटात टाकू नका. त्या घरंगळून झडपेपाशी अडकतात. महत्त्वाचं म्हणजे पेटी वाजवत राहा. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पेटीतच झुरळं घर करतात, आणि भाता घडीवर कडक होतो.

१९. अमेरिकेत आणल्यावर पेटी पहिल्याच हिवाळ्यात गळायला लागली. वाईट माल दिला का?

बहुधा नाही. न्यू जर्सी असो की शिकागो, हिवाळ्यात घर तापवलं की आतली हवा अतिशय कोरडी होते. आपल्या दमट हवेत बांधलेली पेटी तिथे आखडते, फळ्यांचे सांधे उघडतात, झडपा बसेनाशा होतात. प्रश्न ५ मधलं सगळं इथे उलटं लागू पडतं: सिलिका जेल काढून टाका. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा आणि ती ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. गरम हवेच्या जाळीजवळ पेटी नको. सांध्यात लगेच गोंद भरू नका, उन्हाळ्यात लाकूड फुगलं की तिथेच ताण येऊन फळी फुटते. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, मग उरलेल्या फटी भरा.

२०. घरी जुनी पायपेटी, म्हणजे नाटकातला ऑर्गन आहे. हीच उत्तरं लागू होतात का?

अर्धीच. संगीत नाटकांत वाजणारे बरेचसे ऑर्गन अमेरिकी पद्धतीचे असत. त्यात पाय मारल्यावर हवा ढकलली जात नाही, आत ओढली जाते. त्यामुळे उदबत्तीचा धूर भोकापाशी बाहेर फेकला न जाता आत शिरतो. रीडही स्क्रूने बसवलेल्या नसतात. खाचेत सरकवलेल्या असतात आणि आकड्याने ओढून काढायच्या. पक्कडीने ओढल्या तर चौकट वाकते. पायाने मारायच्या फळ्यांना जोडलेले पट्टे तुटणं हा सगळ्यात नेहमीचा आजार, आणि तो घरी बरा होतो: त्याच रुंदीचा जाड नवारीचा पट्टा स्क्रूने बसवा.

२१. कारागिराकडे नेताना काय सांगू?

‘नीट वाजत नाही’ असं सांगू नका. बिघडलेल्या पट्टीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर लिहा: कुठला स्टॉपर उघडा असताना, कपलर लावून की न लावता, हळू हवेत की जोरात. सूर लावायचा असेल तर तुमचा ‘सा’ कुठला, कुणाबरोबर वाजवता, आणि ४४० ला हवी की आहे त्याच उंचीला, हे आधी ठरवून जा. सगळ्या रीड बदलायला सांगितल्या तर कुठल्या आणि का ते विचारा, आणि काढलेल्या जुन्या रीड परत मागून घ्या. नेताना कपलर बंद, खुंट्या आत, भात्याची कडी लावलेली, आणि पेटी गाडीत आडवी. उभी ठेवली तर आतला भाता एका अंगाला लोंबतो.